वाटेवरचे आडोसे

"गुडघ्याचं कारण मला सांगू नकोस, इंदू," सरोजताई म्हणाल्या. "परवा गोधड्या वाळत घालायला तू किती वेळा गच्चीवर चढलीस, ते मी आमच्या खिडकीतून पाहिलंय."

सगळ्याजणी हसल्या. मीही हसले, पण बेतानं.

आमच्या भजनी मंडळाच्या बायका त्या दुपारी आमच्याच ओट्यावर जमल्या होत्या. नवरात्र तोंडावर आलं होतं. पाचव्या माळेला कळसूबाईला जायचं, एका दिवसात चढून उतरून संध्याकाळच्या आरतीला संगमनेरात परत यायचं, असा बेत सरोजताईंनी काढला होता. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि आता शाळेऐवजी आम्ही सगळ्या त्यांच्या हाताखाली आलो होतो. माणूस मात्र मनानं मोठं. कुणाच्या घरी आजारपण असलं की पहिला डबा त्यांचा यायचा.

"रत्ना, जीपचं पक्कं ना?"

"पक्कं. आमच्या ह्यांनी ड्रायव्हरलाही सांगून ठेवलंय," रत्नप्रभा म्हणाली. ती आमच्यात सगळ्यात लहान, तिच्या नवऱ्याच्या दोन जीपगाड्या होत्या. "पण पहाटेच निघायचं म्हणतोय तो. अकोले, राजूर करत बारीला उजाडायला पोचलं पाहिजे. ऊन चढलं की शिड्या तापतात म्हणे."

"शिड्या लोखंडी आहेत का हो?" कुणीतरी विचारलं.

"लोखंडीच. पण कठडे आहेत. मागच्या वर्षी माझी आतेसासू चढली, सत्तरीची," सरोजताई म्हणाल्या. "उपासवाल्यांसाठी रताळी उकडून मी आणते. बाकीच्यांच्या दशम्या रत्नाकडे. आणि इंदू, तुला काहीही करायचं नाही. तू फक्त गळा घेऊन ये. वर देवळापुढे आरती तू म्हणायचीस. इतक्या उंचावर तुझा आवाज कसा लागतो ते मला ऐकायचंय."

माझं माहेर राजूरच्या अलीकडचं. आमच्या अंगणात उभं राहिलं की पश्चिमेला कळसूबाईचा सुळका दिसायचा. पावसाळ्यात ढगात जायचा, दिवाळीत धुऊन काढल्यासारखा समोर यायचा. वडील दर वर्षी म्हणायचे, पुढच्या नवरात्रात तुला नेतो. ते पुढचं नवरात्र यायच्या आधी माझं लग्न झालं. जन्मभर जे शिखर पाहिलं, तिथं उभं राहून गायची संधी कुणी हातात आणून देत होतं आणि मी गुडघ्याचं सोंग करत होते.

खरी गोष्ट अशी होती, की मला लघवी धरवत नव्हती. अनघाच्या, म्हणजे आमच्या तिसऱ्या मुलीच्या वेळच्या बाळंतपणापासून; थोरल्या दोघी आता सासरी होत्या. माहेरी झालेलं ते बाळंतपण फार अवघड गेलं. सुईण म्हणाली, होईल हळूहळू बरं. ते बरं झालंच नाही. शिंकलं, खोकलं, जोरात हसलं, पाण्याची बादली उचलली की थोडं व्हायचं. जिना चढताना व्हायचं. गच्चीवर मी इतक्या वेळा जाते ती कशासाठी, हे सरोजताईंना खिडकीतून दिसलं नव्हतं. मी जुन्या लुगड्यांच्या घड्या करून वापरायची आणि त्या कुणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून वर, पाण्याच्या टाकीच्या मागे वाळत घालायची. लग्नकार्यात मी मागच्या रांगेत बसायची. प्रवास टाळायची. लोकांना वाटायचं, इंदूताईंना गावोगाव फिरायची आवड नाही.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, बहिणीला नाही, नवऱ्याला तर नाहीच. अनघा लहान होती तेव्हा तिच्या दुपट्यांत माझं सगळं खपून जायचं. एका सकाळी अंथरूण ओलं झालेलं पाहून हे म्हणाले, "पोरीनं आज पूर आणलाय." पोर कोरडी होती. त्या दिवसापासून मी माझी वळकटी स्वयंपाकघरात नेली. बाळ रडतं, तुमची झोपमोड होते, असं सांगितलं. बाळ मोठं झालं, शाळेत गेलं, आता अकरावीत होतं. वळकटी स्वयंपाकघरातच राहिली. त्यांनी कधी काही विचारलं नाही.

"काय गं, बोलत का नाहीस?" सरोजताईंनी आवाज खाली आणला. "भास्कररावांचं काही म्हणणं आहे का?"

मी खाली पाहिलं. माझ्या मनात होकार नव्हता, नकारही नव्हता. मला फक्त त्या प्रश्नातून सुटायचं होतं.

नेमके तेव्हाच हे जेवायला घरी आले. हे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. दिवसभर स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारायचे आणि घरी आले की सगळे शब्द तिकडेच संपवून आल्यासारखे गप्प असायचे. बायका बसलेल्या पाहून ते अंग चोरून आत जायला निघाले.

"भास्करराव, जरा थांबा," सरोजताई म्हणाल्या. "आम्ही कळसूबाईला निघालोय. इंदूला तुम्ही नको म्हटलंय का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा कसा झाला होता मला ठाऊक नाही. त्यांनी तो क्षणभर पाहिला, मग पायातल्या चपला काढत म्हणाले, "हो. मीच नको म्हणालो."

"का बरं?"

"नको म्हणालो," ते परत म्हणाले आणि आत गेले.

सरोजताई उठल्या, पदर खोचला. जाताना दारातून आत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "शिकलेल्या घरात ही तऱ्हा."

मी आत गेले तेव्हा हे हात धुऊन पाटावर बसले होते. मी ताट वाढलं.

"तुम्ही असं का सांगितलंत?"

"तुला जायचं नव्हतं ना?"

मी ताटात आणखी एक भाकरी ठेवली.

"मग झालं तर," ते म्हणाले. "आमटी आहे का अजून?"

त्यांनी कारण विचारलं नाही. मला तेव्हा त्याचं बरंच वाटलं.

पाचव्या माळेच्या पहाटे जीप आमच्या गल्लीतून गेली. बायका देवीची गाणी म्हणत होत्या. मी अंथरुणात डोळे मिटून ऐकत होते. संध्याकाळी रत्ना प्रसाद घेऊन आली, उन्हानं तोंड लाल झालेलं, पाय ओढत होती. "इंदूताई, काय सांगू तुम्हाला," म्हणाली, आणि तासभर सांगत बसली. हे घरात आले तशी ती उठून गेली. त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

ही सुरुवात होती. आमची वसाहत लहान. भास्कर गुंजाळ बायकोला देवदर्शनालाही जाऊ देत नाही, हे दसऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत झालं. सरोजताई रस्त्यात समोर आल्या तर माझ्याशी थांबून बोलायच्या आणि यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करायच्या. स्टँडवर एक ओळखीची बाई त्यांना म्हणाली, "अकोल्याची गाडी लागली का, की तिलाही तुम्ही जाऊ देत नाही?" हे मला दुसऱ्याकडून कळलं. यांनी घरी येऊन सांगितलं नाही.

सगळ्यात वाईट झालं ते अनघाचं. ती एके दिवशी कॉलेजातून आली ती थेट स्वयंपाकघरात. "आई, बाबांनी तुला कळसूबाईला जाऊ दिलं नाही, हे खरं आहे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळे सांगतायत. खरं आहे का?"

हे पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. पेपर हलला नाही. मी भाकरी थापत होते. मी म्हटलं, "तू हातपाय धू, जेवायला बस."

तिनं त्याचा अर्थ हो असा घेतला. त्या दिवसापासून तिनं वडिलांशी बोलणं टाकलं. लहानपणापासून ती त्यांच्या मागेमागे असायची, त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायची. आता त्यांनी काही विचारलं तर उत्तर मला द्यायची. "आई, सांग त्यांना, फी भरली." हे मान डोलवायचे. मी रोज ठरवायची, आज तिला सांगेन. पण सांगायचं म्हटलं की ते शब्द तोंडात यायच्या आधीच माझे कान तापायचे. माणूस चोरी करून सापडला तर तो निदान चोरी तरी म्हणू शकतो. मला माझ्या दुखण्याचं नावही घेता येत नव्हतं.

दिवाळीच्या आधी एका रविवारी सकाळी सरोजताईंकडे सत्यनारायण होता. चढाई सुखरूप झाली म्हणून बोलला होता. सगळ्या वसाहतीला बोलावणं होतं. मला वाटलं, हे येणार नाहीत. पण त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. अनघा आमच्या पुढे दहा पावलं चालत होती.

पूजा झाली. पुरुष सतरंजीवर एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. प्रसादाच्या वाट्या फिरल्या. सरोजताईंनी चढाईचे फोटो आणवले होते, ते हातोहात जाऊ लागले. एकात सगळ्याजणी देवळापुढे उभ्या होत्या. मागं नुसतं आभाळ. मी तो फोटो बराच वेळ हातात धरला असणार, कारण सरोजताईंचं माझ्याकडे लक्ष गेलं. आणि मग त्या यांच्याकडे वळल्या.

"भास्करराव, बघा तुमच्या मंडळींकडे. पुढच्या वर्षी तरी परवानगी द्या. बाई आहे ती, दावणीची गाय नाही."

पुरुषांत हशा पिकला. कुणी यांच्या पाठीवर थाप मारली. अनघानं हातातली वाटी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. आणि हे हसले. खोटं, कसनुसं, ओठांच्या एका कडेनं हसले आणि म्हणाले, "बघू."

ते हसणं मला सोसलं नाही. बाकी सगळं सोसलं असतं.

"त्यांनी मला अडवलं नव्हतं," मी म्हटलं.

माझा आवाज गाण्याचा, तो सगळ्या खोलीत गेला. हशा थांबला.

"त्यांनी काहीच अडवलं नव्हतं. त्यांना कारणही माहीत नाही. मला लघवी धरवत नाही. चढताना होते, हसताना होते, शिंकताना होते. अनघाच्या जन्मापासून. म्हणून मी आले नाही."

सरोजताई जागच्या जागी अवघडल्या. "अगं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "पुरुषमाणसं बसली आहेत."

"मला दिसतायत," मी म्हटलं.

भटजी उदबत्तीची राख चिमटीनं गोळा करू लागले. एक म्हातारे गृहस्थ खिडकीतून बाहेर पाहायला लागले. मला वाटत होतं, की आत्ता, या क्षणी, सगळ्यांची नजर माझ्या लुगड्यावर आहे. मला जमिनीवरून उठायचंही धाडस होईना. उठले आणि खाली डाग असला तर.

हे उठले. सतरंजी ओलांडून बायकांच्या बाजूला आले आणि मला हात दिला. लग्नात सप्तपदीला धरला असेल तेवढाच चारचौघांत धरलेला त्यांचा हात. "चल," ते म्हणाले, "घरी जाऊ."

सतरंजी कोरडी होती. मी वळून पाहिलं होतं.

अनघा मागून येत होती, पण आता ती मुद्दाम अंतर ठेवून येत होती, आम्हाला बोलता यावं म्हणून. नदीकडच्या रस्त्यानं आम्ही चाललो. पूल आला.

"अनघाच्या वेळेपासून?" मग त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हणून तू आत झोपायला लागलीस?"

"हो. अंथरूण खराब व्हायचं."

ते थांबले. पुलाच्या कठड्याला हात टेकून उभे राहिले. खाली प्रवरेला पाणी बेताचंच होतं, कुणी म्हशी धूत होतं. ते त्या म्हशींकडे पाहत राहिले.

"मला वाटलं, मी आलो नाही म्हणून," ते म्हणाले.

"कुठं आला नाहीत?"

"तुझं बाळंतपण अडलं होतं तेव्हा. तुझ्या भावाचा निरोप आला होता, ताबडतोब या म्हणून. संपाचे दिवस होते, साहेब सोडेना. मीही भांडलो नाही. चौथ्या दिवशी आलो. तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस."

मला ते आठवत नव्हतं. मी त्या वेळी कुणाकडेच पाहत नव्हते.

"मग इथं आल्यावर तू वळकटी आत नेलीस. मी म्हटलं, बरोबर आहे. ही मरता मरता वाचली आणि मी स्टँडवर गाड्या पुकारत होतो. आता हिला मी जवळ नको आहे. विचारायला तोंड कुठं होतं मला?"

"आणि त्या दिवशी ओट्यावर?"

"तुझा चेहरा बघितला. तुला कुणीतरी आड यायला हवं होतं. म्हटलं, एकदा आलो नाही. निदान आता तरी यावं."

मी रडले नाही. मला नुसती लाज वाटत होती, पण मघाशी वाटली ती ही नव्हती. मी आपली ओली लुगडी लपवत होते आणि माझ्यापासून एका भिंतीच्या अंतरावर हा माणूस रोज गुन्हेगारासारखा झोपत होता. मला तो गप्प वाटला. मी कधी विचार केला नाही, की माणूस एवढा गप्प कशानं होतो.

अनघा जवळ आली. तिनं सगळं ऐकलं होतं की नाही, कोण जाणे. "बाबा," ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी कठड्याला टेकून उभी राहिली. हे म्हणाले, "तुझी चप्पल तुटली आहे. उद्या शिवून आणतो."

त्या दुपारी त्यांनी स्वयंपाकघरातली माझी वळकटी उचलली आणि पुढच्या खोलीत आणली.

"अहो, ओलं होईल," मी म्हटलं.

"मेणकापड आणतो बाजारातून," ते म्हणाले आणि पिशवी घेऊन निघाले.

नंतर नाशिकला एका बाई डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासलं, हे पुष्कळ बायकांना होतं म्हणाल्या, व्यायाम शिकवले. पूर्ण जाईल असं सांगत नाही, कमी नक्की होईल, असं म्हणाल्या. तसंच झालं. सरोजताई एक दिवस दुपारी येऊन बसल्या, बराच वेळ माझ्या घरची सुपारी कातरत राहिल्या, आणि हे घरी आल्यावर उभ्या राहून त्यांना म्हणाल्या, "मी चुकले, भास्करराव." हे इतके अवघडले की त्यांनी सरोजताईंना पंढरपूर गाडीची वेळ सांगितली. वसाहतीत माझ्यामागे कुजबुज झाली, हेही खरं. बरेच दिवस मी नळावर मान खाली घालून जायची. पण त्याच नळावर रत्नाच्या सासूबाईंनी मला बाजूला घेऊन नाशिकच्या डॉक्टरांचं नाव विचारलं. "माझ्या बहिणीसाठी हवंय," म्हणाल्या. त्यांना बहीण नव्हती.

संक्रांत झाल्यावर एका रविवारी हे अंधारातच उठून बाहेर पडले. "जाऊन येतो," एवढंच म्हणाले. मला वाटलं, जादा ड्यूटी असेल. दुपार झाली, चार वाजून गेले. दिवेलागणीला ओट्याशी पावलं वाजली आणि पाहते तो हे भिंतीला धरून उभे. कॅनव्हासचे बूट मातीनं माखलेले, हातांवर ओरखडे, सदऱ्याची बाही फाटलेली. जिना चढायचा म्हटलं तरी कुरकुरणारा हा माणूस.

"अहो, कुठं पडलात?"

"पडलो नाही. बारीला गेलो होतो," ते ओट्यावर बसत म्हणाले. "कळसूबाईला."

"एकटे?"

"पाणी दे आधी."

ते तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले. मी गरम पाण्याचं घमेलं आणलं आणि त्यांचे बूट काढले. पाय त्यात सोडल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि स्टँडवर गाड्या पुकारतात तशा आवाजात, ओळीनं सांगायला लागले.

"गाव सोडलं की ओढा लागतो. तिथं झाडी दाट आहे, काही प्रश्न नाही. मग खालचं देऊळ. देवळाच्या मागे भिंत पडकी आहे, पण आडोसा होतो. त्याच्यावर चढ उभा आहे, तिथं हळू जायचं. पहिल्या शिडीच्या अलीकडे उजव्या हाताला करवंदीची जाळी आहे. मी आत शिरून पाहिलं, वाटेवरून काही दिसत नाही. काटे आहेत, मी कोयता घेऊन जाईन. पहिली शिडी ते दुसरी, मध्ये एक मोठा धोंडा आहे, त्याच्यामागे दोन माणसं उभी राहतील एवढी जागा आहे. मी बाहेर पाठ करून उभा राहीन. शेवटच्या शिडीच्या आधी एक विहीर आहे, पाणी स्वच्छ आहे. लुगडं बदलायचं झालं तर तिथं बदलता येईल. आडवारी, सुट्टी नसलेल्या दिवशी, गेलो तर वाटेत माणूस भेटत नाही, मी तिथल्या चहावाल्याला विचारून आलोय."

मी त्यांच्या पायांवर पाणी ओतत होते. मला त्यांच्याकडे पाहवेना.

"आणि वर?" मी विचारलं. "माथ्यावरून कसं दिसतं?"

ते गोंधळले. डोळे उघडून त्यांनी थोडा विचार केला.

"वर आडोसा नाही," ते म्हणाले. "नुसती मोकळी जागा आहे. देवळाला वळसा घालून मागच्या अंगाला गेलं तर थोडंसं जमेल. बाकी लांबवर काय काय दिसत असेल, पण मी ते पाहिलं नाही. मी जागाच बघत होतो." मग जरा थांबून म्हणाले, "परवा रजा टाकू का? जमेल तुला?"

"परवा नको," मी म्हटलं. "आधी तुमचे पाय बरे होऊ देत."